वैराग्यमूर्ती श्रीसंत गाडगे महाराज : सनातनी की सुधारक?

॥ रामकृष्ण हरी ॥

आमच्या दिंडीला शंभर वर्षे पूर्ण झाली, ही पांडुरंगाची कृपा आणि वाडवडिलांची पुण्याई. स्मरणिकेत कोणाकोणाची चरित्रे घ्यायची हे ठरवायला देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. ज्ञानोबा माऊली, तुकोबाराय, नामदेवराय, नाथबाबा, चोखोबा, जनाबाई या नावांवर दुमत होण्याचा प्रश्नच नव्हता. मग कोणीतरी गाडगे महाराजांचे नाव काढले, आणि मंडपात दोन बाजू पडल्या.

एक जुने माळकरी म्हणाले, गाडगेबाबा मोठे खरे, पण ते सुधारकांतले. त्यांनी दगडाच्या देवाची टिंगल केली, नवस-सायासावर कोरडे ओढले. अशा माणसाचे चरित्र दिंडीच्या पुस्तकात कशाला? यावर तरुण पोरे उसळली. त्यांचे म्हणणे, बाबा पुरोगामी होते म्हणूनच घ्यायचे. मात्र त्यांचे भजन-कीर्तन फार सांगत बसू नये, स्वच्छता आणि अंधश्रद्धा निर्मूलन तेवढे लिहावे. रात्रीचे अकरा वाजले तरी कोणी मागे हटेना. शेवटी आम्हा लिहिणाऱ्या मंडळींना आज्ञा झाली की आधी चरित्र नीट लिहून आणा, मग बघू. ते हे चरित्र, माऊली. गोड मानून घ्यावे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जात परीट, म्हणजे गावाची धुणी धुणारे घर. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले आणि डेबू लहान असतानाच दारूने त्यांचा घास घेतला. आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी माहेरी आली. शाळेचे तोंड डेबूने पाहिले नाही. गुरे राखावीत, औत धरावे, रात्री गावातल्या भजनात टाळ घेऊन बसावे, असे त्याचे लहानपण गेले. पुढे लाखो माणसांना शाळेचा रस्ता दाखवणारा हा माणूस स्वतः निरक्षर होता, हे विसरू नये.

मामांच्या घरी शेती बरी होती. पण मामा भोळे. सावकाराने कागद केले, मामांनी त्यावर अंगठा दिला आणि चांगली जमीन हातची गेली. त्या धक्क्याने मामाही गेले. डेबूजीने हे सगळे डोळ्यांनी पाहिले. पुढे आयुष्यभर कीर्तनात दारू आणि कर्ज हे दोन विषय ते का सोडत नसत, याचे कारण इथे आहे. एकाने बाप नेला, दुसऱ्याने मामा. पुस्तक वाचून किंवा सभा ऐकून त्यांची मते बनली नव्हती. घरच्या दुःखातून ती आली होती.

१८९२ साली डेबूजींचे कुंताबाईंशी लग्न झाले. मुलगी झाली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बारशाला भाऊबंदांना दारू पाजायची आणि बकरे कापायचे. डेबूजींनी गोडधोडाचे जेवण घातले. भावकीत कुरबुर झाली, पण डेबूजी बधले नाहीत. आता पहा, या एका गोष्टीला काय नाव द्यायचे? रूढी मोडली म्हणून सुधारणा म्हणावे, की जीवहत्या आणि दारू नको म्हणून जुन्या वारकऱ्याचे वळण म्हणावे? आम्हाला तरी त्यात एकच गोष्ट दिसते. घरात मूल जन्माला आले, अशा दिवशी दुसऱ्याच्या मुलाचा जीव घ्यायचा नाही.

१ फेब्रुवारी १९०५ ला पहाटे डेबूजींनी घर सोडले. अंगावर फाटके कपडे, हातात काठी आणि एक गाडगे. गावोगाव फिरायचे, कोणाचे लाकूड फोडून दे, कोणाचे शेत निंदून दे, आणि मिळेल ती भाकरी त्या गाडग्यात घेऊन खायची. ऊन-पावसात तेच गाडगे डोक्यावर. कपडे चिंध्यांचे, ठिगळावर ठिगळ. लोक कुठे गोधडेबुवा म्हणत, कुठे चिंधेबुवा. सगळ्यांत टिकले ते गाडगेबाबा हे नाव. पुढे हातात खराटा आला. खराटा आणि गाडगे हीच त्यांची पताका आणि हाच त्यांचा वीणा.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. पौष महिन्यात तिथे यात्रा भरते. नदीला घाट नव्हता. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया चिखलात घसरून पडत. बाबांनी तिथे स्वतः माती-दगड उचलायला सुरुवात केली. कोणाला हाक मारली नाही, वर्गणीची पावती फाडली नाही. एक माणूस काम करतो हे पाहून दहा आले, दहाचे शंभर झाले, आणि १९०८ च्या सुमाराला घाटाचे काम उभे राहिले. माऊली, तीर्थस्नान खोटे आहे असे मानणारा माणूस तीर्थाला घाट बांधत नसतो. आणि नुसते स्नान केले की पाप फिटते असे मानणारा स्वतः बुडी मारून मोकळा होतो, दुसरा चिखलात पडतो की काय हे बघायला थांबत नाही. बाबा या दोन्हींतले नव्हते.

आता त्यांच्या कीर्तनाविषयी. आपल्याकडे वारकरी कीर्तनाची एक रीत आहे. वीणा, टाळकरी, पखवाज, अभंग लावायचा, त्याचे निरूपण करायचे. बाबांची रीत निराळी होती. ते सकाळी गावात येत आणि कोणाशी न बोलता रस्ते झाडू लागत. गटारे उपसत. हा वेडा कोण म्हणून लोक बघत. संध्याकाळपर्यंत गाव लख्ख होई आणि मग त्याच गावात रात्री कीर्तन. दोन दगड एकमेकांवर वाजवून ताल धरला तरी त्यांचे भागे. ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारत आणि माणसे एका सुरात उत्तर देत. विचारता विचारता ते माणसाला अशा जागी आणून उभे करत की त्याचे त्यालाच हसू येई, आणि दुसऱ्या क्षणी डोळ्यांत पाणी.

ते काय सांगत? कर्ज काढून लग्न आणि तेरावे करू नका. दारूच्या दुकानाची पायरी चढू नका. देवाच्या नावाने कोंबडे-बकरे मारू नका. अंगात येणाऱ्याच्या आणि गंडे-दोरे देणाऱ्याच्या नादी लागू नका. जातीवरून कोणाला दूर बसवू नका. जेवायचे ताट विकावे लागले तरी चालेल, हातावर भाकरी घ्या, पण पोराला शाळेत घाला. आणि हो, अंगावर आलेले कुत्रे ज्या मूर्तीला हाकलता येत नाही ती तुमचे नवस कसे पुरवणार, असेही ते विचारत. आमच्या जुन्या माळकऱ्यांना खुपते ते हेच.

पण पुढचे ऐकावे. हे सगळे विचारून झाले की त्याच तोंडाने ते देवकीनंदन गोपालाचा गजर सुरू करत. हजारो माणसे टाळ्या पिटून त्या गजरात बुडून जात. तुकोबांचे अभंग त्यांना मुखोद्गत होते. त्यांच्या कीर्तनात बोलण्याला टेकू असे तो तुकोबांचाच. नवसाने पोरे होत नाहीत, अंगात येणे हे सोंग आहे, हे तुकोबांनीच तीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते. बाबांनी ते नवीन कुठून आणले नव्हते. आपण गाथेतले जे अभंग चटकन पुढे सारतो, ते त्यांनी थांबून सांगितले एवढेच.

१९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. इतक्या लोकांची मुले जातात, आपल्यासाठीच वेगळे रडणे कशाला, अशा भावाने त्यांनी गजर पुढे नेला. हे लिहिताना आमचा हात थरथरतो. घरी कुंताबाईंनी काय सोसले असेल तेही मनात येते. नवऱ्याच्या नावावर लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि ती माऊली झोपडीत राहिली. देणगीतला पैसा बाबांनी आपल्या माणसांना लागू दिला नाही. या वैराग्याची किंमत बाबांइतकीच कुंताबाईंनी मोजली आहे. त्यांना आमचा साष्टांग नमस्कार.

आता पंढरपूरची गोष्ट. बाबा वारीला येत, वाळवंट झाडत, आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालत. ते देवळात दर्शनाला जात नसत असे सांगतात. त्या काळी वारीला येणाऱ्या अस्पृश्य भाविकांचे हाल काय होते? चोखोबांची समाधी नामदेव पायरीपाशी, तिथपर्यंतच त्यांची वाट. देऊळ बंद. मठ-धर्मशाळांचे दरवाजे बंद. आषाढाच्या पावसात उघड्यावर रात्र काढायची. बाबांनी १९२० च्या सुमाराला त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. हे देऊळ सर्वांना खुले होण्याच्या पंचवीसहून अधिक वर्षे आधीचे. साने गुरुजींचा उपवास झाला १९४७ च्या मे महिन्यात.

धर्मशाळा पंढरपूरला झाली, तशी आळंदीला, देहूला, नाशिकला, मूर्तिजापूरला झाली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या गोरगरिबांच्या नातेवाइकांसाठी झाली. त्यांच्या मिशनची दादरची धर्मशाळा आज कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. आमच्या भाईंदरची कितीतरी माणसे टाटा हॉस्पिटलच्या वाऱ्या करतात, त्यांना तिची किंमत विचारा. वसतिगृहे झाली, शाळा झाल्या, कुष्ठरोग्यांची सेवा झाली. मूर्तिजापूरला गोरक्षणही झाले. बाबा स्वतः कुठल्याच इमारतीत राहिले नाहीत.

इथे जरा थांबू. गोरक्षण उभारणारा माणूस कोणत्या बाजूचा? आणि तोच माणूस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्नेही. १९४९ मध्ये त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, का तर तिथे मुलांची शिक्षणाची सोय व्हावी. बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे १९३५ सालीच जाहीर केले होते. बाबांचे नामस्मरण तर शेवटपर्यंत सुटले नाही. दोघांच्या वाटा वेगळ्या, हे दोघांनाही ठाऊक होते. तरी एकाने दुसऱ्याच्या हाती आपली धर्मशाळा विश्वासाने दिली. आज आपण दोन ओळींचा मेसेज वाचून माणूस आपला की परका ते ठरवतो. त्या दोघांनी तसे केले नाही.

८ नोव्हेंबर १९५६ ला बाबांचे कीर्तन आपल्या जवळच, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झाले. ते त्यांचे अखेरचे मोठे कीर्तन. त्याचे ध्वनिमुद्रण झाले म्हणून बाबांचा आवाज आजही ऐकायला मिळतो. थकलेला, पण खणखणीत. त्या वेळी आमच्या गावची मिठागरात राबणारी काही माणसे लोकलने वांद्र्याला गेली होती आणि शेवटच्या गाडीने परतली, असे आमचे म्हातारे सांगत. पुढच्या महिन्यात ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. पाठोपाठ २० डिसेंबरला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, गाडीतच बाबांनी देह ठेवला. अमरावतीला त्यांची समाधी आहे. तिथल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि २०००-०१ पासून त्यांच्या नावाने सरकारचे ग्रामस्वच्छता अभियान चालले. १९७७ साली त्यांच्यावर चित्रपट आला तेव्हा त्यात बाबांचे काम डॉ. श्रीराम लागूंनी केले. लागू उघडपणे नास्तिक. पण तो चित्रपट पाहून कितीतरी भाविकांनी पडद्याला हात जोडले.

झाले चरित्र. आता बैठकीतल्या वादाकडे वळू. वाद तोडण्याआधी आमच्या दिंडीचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. शंभर वर्षांचा हिशेब द्यायचा तर नुसती जमेची बाजू लिहून चालत नाही.

आज मीरा-भाईंदर म्हणजे महानगरपालिका, उंच इमारती, लाखोंची वस्ती. दिंडी निघाली तेव्हा इथे खाडी होती, मिठागरे होती, भातशेती होती आणि सुटी सुटी गावे होती. त्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या दिंडीची पंगत एक नव्हती. गावकुसाबाहेरची चार-पाच घरे वारीला येत. ती माणसे दिंडीच्या मागे अंतर ठेवून चालत. त्यांची भांडी वेगळी, जेवण मागाहून. पंढरपुरात आमचा मुक्काम मठात आणि त्यांचा चोखामेळा धर्मशाळेत. म्हणजे बाबांनी ती धर्मशाळा बांधली ती आमच्यासारख्यांनी ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्यासाठी. तोंडाने आम्ही चोखोबांचे अभंग म्हणत होतो.

ही पंगत एक कशी झाली? ठराव झाला नाही, सभा झाली नाही. नक्की साल कोणाला आठवत नाही. त्या वेळचे आमचे विणेकरी बाबा एका मुक्कामावर उठले, आपली पत्रावळ उचलली आणि मागच्या माणसांच्या रांगेत जाऊन बसले. कोणाला काही बोलले नाहीत. दोघे-तिघे त्यांच्यामागे गेले. काही जण रुसून न जेवता झोपले. पुढच्या वर्षी एकच पंगत बसली.

हे विणेकरी बाबा कसे होते? एकादशीला पाणीसुद्धा मोजून पीत. कांदा-लसूण वर्ज्य. पोरांनी हरिपाठ चुकवला तर त्यांची धडगत नसे. दिंडीत सिनेमाच्या चालीवर कोणी भजन धरले तर टाळ काढून घेत. त्यांना कोणी सुधारक म्हटले असते तर त्यांनी दारात उभे केले नसते. आणि त्याच काळात गावात समतेची भाषणे करणारे काही जण होते, ते त्या रांगेत बसायला आल्याचे कोणाला आठवत नाही. म्हणून म्हणतो, सनातनी आणि सुधारक ही नावे सोयीची आहेत, खोटीही नाहीत, पण ती फार पुरत नाहीत. माणूस कोणत्या रांगेत बसतो हे ती सांगत नाहीत.

गाडगेबाबांचे आपण तेच केले आहे. एकाने खराटा ठेवला आणि गोपालाचा गजर काढून टाकला. दुसऱ्याने फोटोला हार घातला, पण नवसाचे बकरे आणि कर्जाचे लग्न चालू ठेवले. दोघांनी बाबांचा अर्धा अर्धा भाग घेतला. पण ते दोन भाग बाबांच्या ठायी कधी वेगळे नव्हते. देव माणसात आहे असा त्यांचा पक्का विश्वास होता, म्हणून देवाच्या नावावर माणसाला लुबाडणे त्यांना सहन होत नव्हते. त्यांची टीका भक्तीतूनच उपजलेली होती. भक्ती वजा केली तर त्या टीकेचा नुसता टोमणा उरतो. आणि टीका वजा केली तर भक्तीचे नुसते सोंग राहते. आम्हाला जे समजले ते हे, मोठेपणाने सांगत नाही.

हे लिखाण बैठकीत वाचून दाखवले. जुने माळकरी शेवटपर्यंत ऐकत होते. मूर्तीविषयीचे बोलणे आपल्याला आजही पटत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मात्र चरित्र छापा म्हणाले. पोरांनीही गजराचा मजकूर काढा असा हट्ट धरला नाही. दोघांचे पुरते समाधान झाले असे नाही, आणि व्हायलाच पाहिजे असेही नाही. दिंडीत शंभर माणसे शंभर मतांची असतात, पण पाऊल एका तालावर पडते.

एक गोष्ट मात्र त्याच रात्री ठरली. गेल्या वर्षी एका मुक्कामावर आमच्या दिंडीच्या पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे पेले तसेच पडून राहिले, आणि ज्या शेतकऱ्याने मायेने जागा दिली त्याला आमच्यामागे रान झाडावे लागले. त्याची क्षमा इथे जाहीर मागतो. या वर्षापासून दिंडीबरोबर दहा खराटे निघतील. मुक्काम हलण्याआधी जागा झाडली जाईल, आणि पहिला खराटा त्या दिवशीच्या विणेकऱ्याच्या हातात असेल. जुन्या माळकऱ्यांनी पहिल्या दिवसासाठी आपले नाव स्वतः सांगितले.

गाडगे महाराजांच्या चरणी ही सेवा रुजू होवो. बाबा कोणाला पाया पडू देत नसत, म्हणून लांबूनच नमस्कार.

॥ रामकृष्ण हरी ॥